दीड सूर खाली

गिरिजा खांबेटे डूख धरणारी बाई होती आणि हे ती स्वतःच सांगायची. इतर बायका आपण किती मायाळू ते सांगतात, ही चारचौघांत म्हणायची, "मी काही विसरत नाही हं. मिरजेची आहे मी." मिरजेचा आणि न विसरण्याचा काय संबंध ते तिलाच ठाऊक, पण गोष्ट खरी होती. जयपुरात बिऱ्हाड केल्यावर पहिल्याच महिन्यात दुधात पाणी घालणाऱ्या भैयाला तिनं जे बंद केलं ते कायमचं. पुढं त्यानं दोन म्हशी घेतल्या, देवाधर्माला लागला, सारी वस्ती त्याचं दूध नावाजू लागली. ही मात्र त्याच्या सायकलची घंटा ऐकू आली की खिडकी लावून घ्यायची.

मग विचार करा, ज्या माणसानं तिचं गाणं बंद पाडलं त्याच्याबद्दल तिच्या पोटात काय असेल.

गिरिजाचे वडील मिरजेत पेट्या दुरुस्त करायचे. पेटीतली पितळी पत्ती टोकाशी घासली की सूर चढतो आणि बुडाशी घासली की उतरतो, एवढंच त्या धंद्याचं मर्म. पण किती घासायची ते कानाला कळावं लागतं. वडिलांचा एक कान म्हातारपणाआधीच गेला. तेव्हा सात वर्षांची गिरिजा शेजारी पाट टाकून बसायची आणि सांगायची, "चढला बाबा. अजून चढलाय. हां, आता बसला." तो कान घेऊनच ती पुढं गाणं शिकली आणि तोच कान घेऊन एक्कावन्न साली लग्न होऊन जयपूरला आली. नवरा शशिकांत मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचा. सज्जन माणूस. हाडांखेरीज कशात लक्ष नाही.

जयपुरात तेव्हा मराठी घरं चाळीसएक असतील. डॉक्टर, प्राध्यापक, छावणीतले दोन-चार लष्करी अधिकारी. त्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचे अध्यक्ष वसंतराव धाबेकर. मूळचे अमरावतीचे, सरकारी खात्यात मोठे इंजिनियर, घरी गाडी, गळ्यात कॅमेरा. दरवर्षी निवडणूक व्हायची आणि दरवर्षी तेच निवडून यायचे, कारण सतरंज्या आणि माइक त्यांच्या घरी असायचे. छप्पन साली त्यांनी दिल्लीहून टेपरेकॉर्डर आणला. तोपर्यंत ते यंत्र मंडळातल्या कुणी पाहिलंही नव्हतं.

त्याच वर्षी गिरिजानं रेडिओच्या स्वरचाचणीचा अर्ज भरला होता. चाचणी होती गणपतीनंतरच्या सोमवारी. वसंतराव म्हणाले, "अहो, चाचणीआधी आपलं गाणं आपण ऐकून पहा ना. मी टेप करून देतो जी." मोठ्या मनानं म्हणाले, हे गिरिजासुद्धा कबूल करायची. त्यांच्या दिवाणखान्यात बसून तिनं काळी चारमध्ये भूप गायला. बंदिश, चार ताना, पुन्हा मुखडा. दहा मिनिटं. गाऊन उठली तेव्हा वसंतरावांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणाल्या, "गिरिजाबाई, तुमचं नाव आता रेडिओवर ऐकायचं आम्ही." घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग गणपतीत, भरल्या मंडपात, आरतीनंतर वसंतरावांनी ती टेप लावली.

त्या यंत्राला दोन वेग होते. सेकंदाला साडेसात इंच आणि पावणेचार इंच. गाणं भरलं होतं साडेसातवर. वसंतरावांनी खटका दाबला पावणेचारवर आणि माइकसमोर उभं राहून म्हणाले, "मंडळी, आता आपल्या मंडळाचे थोर गवई, गिरिजाराव, आपल्यासमोर गाणार आहेत!"

अर्ध्या वेगानं फीत फिरली की आवाज एक सप्तक खाली येतो. मंडपात एक पुरुष गाऊ लागला. जाडा, आळसट, दम लागलेला. तान तर अशी आली की म्हैस रवंथ करतेय. पहिल्यांदा छावणीतले कर्नलसाहेब हसले, मग त्यांची बायको, मग सगळा मंडप. पोरं सतरंजीवर लोळायला लागली. शशिकांतसुद्धा हसला. गिरिजानं ते पाहिलं, आणि त्याचा हिशोब तिनं घरी जाऊन वेगळा चुकता केला. मंडपात मात्र प्रसादाचं ताट हातात होतं ते तिनं शेवटच्या माणसापर्यंत फिरवलं.

सोमवारी ती चाचणीला गेली नाही. माइक म्हटला की तिला त्या पुरुषाचा आवाज ऐकू यायचा. नंतर तंबोरा गवसणीतून काढायची आणि तार न छेडता परत आत घालायची. दोन महिन्यांनी तिनं वसंतरावांकडे ती टेप मागितली. निदान खऱ्या वेगानं एकदा ऐकावी म्हणून. वसंतराव म्हणाले, "अरे, ती? तिच्यावर तर मी नाटकातली पदं भरून टाकली." झालं. गाणंही गेलं आणि गाण्याचा पुरावाही गेला.

राहिलं काय, तर नाव. मोठी माणसं दोन-तीन वर्षं गंमत म्हणून म्हणत राहिली, मग थकली. पण मंडळातली पोरं जयपूरची. शाळा हिंदी, खेळणं हिंदी, मराठी आईच्या रागवण्यापुरती. त्यांना वाटलं, हिंदीत जसं 'जी' तसं मराठीत 'राव'. मोठ्यांना मानानं लावायचं. गोजिरवाणी मुलं हात जोडून, मान लववून म्हणायची, "गिरिजाराव मावशी, नमस्ते." त्यांना काय बोलणार? रागवावं तर लेकराची चूक नाही. हसावं तर जखमेवर मीठ. ती "नमस्ते बेटा" म्हणायची आणि दात खाऊन घरी यायची. एका मुलीनं तर दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर तसंच लिहून पाठवलं, बाजूला पणती काढून.

शशिकांत म्हणायचा, "आता सोड की. किती दिवस झाले."

"तुम्ही हाडं शिकवा," गिरिजा म्हणायची. "माझं मी बघते."

एकोणसाठ साली त्याच्या कॉलेजात शिकवायच्या फिल्म दाखवायला आणि व्याख्यानं टेप करायला माणूस हवा होता. पगार यथातथा, त्यामुळं कुणी टिकत नव्हतं. गिरिजानं अर्ज केला. शशिकांतला वाटलं, घरात करमत नसेल. कारण निराळंच होतं. ज्या यंत्रानं आपल्याला पुरुष केलं ते यंत्र आतून बाहेरून आपल्याला कळलं पाहिजे, हे तिनं मनात धरलं होतं. आणि ते तिला कळलं. सहा महिन्यांत ती टेपरेकॉर्डर उघडून साफ करू लागली. कुठली मोटर दुपारी वीज कमी झाली की रेंगाळते, कुठल्या प्रोजेक्टरचा आवाज अर्धा सूर चढा येतो, ते ती नुसत्या कानानं सांगायची. प्राध्यापक म्हणायचे, "मिसेस खांबेटे, कुछ फ़र्क नहीं पड़ता." ती म्हणायची, "पड़ता है साहब," आणि पेचकस घेऊन यंत्राचे स्क्रू फिरवत बसायची.

पासष्ट साली मंडळाचा मोठा समारंभ ठरला. पुण्याहून एक निवृत्त न्यायाधीश पाहुणे म्हणून येणार होते. वसंतरावांनी त्यासाठी वर्षभर चावीच्या कॅमेऱ्यानं मंडळाची फिल्म घेतली होती. शहराबाहेरच्या कानोत्याची सहल, हळदीकुंकू, लिंबू-चमचा, सगळं. फिल्म मुकी. तिच्यासोबत वाजवायला त्यांनी स्वतःच्या आवाजात टेपवर निवेदन भरलं. आठवडाभर आधी घरी लावून पाहिलं तर फजिती. चावीच्या कॅमेऱ्याची फिल्म सेकंदाला सोळा चित्रांची. प्रोजेक्टर फिरला नेहमीच्या चोवीसनं. कानोत्याच्या माळावर कर्नलसाहेब तुरुतुरु पळत जेवले. आठ मिनिटांत चित्र संपलं आणि वसंतराव अंधारात एकटेच बोलत राहिले.

अनसूयाबाई म्हणाल्या, "गिरिजाबाईंना विचारा ना." आणि वसंतराव दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्मचा डबा आणि टेप घेऊन कॉलेजात हजर झाले.

नऊ वर्षं. गिरिजानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. आतून तिला उकळ्या फुटत होत्या. 'आलास ना बाबा,' ती मनात म्हणाली, 'अखेर माझ्याच दारात आलास.' काय करायचं ते तिला अजून सुचलं नव्हतं. पण आता हा हातातून सुटत नाही, एवढं नक्की होतं.

तिनं प्रोजेक्टर सोळावर आणला. माणसं माणसांसारखी चालू लागली आणि चित्र बारा मिनिटांचं झालं. बोलणं होतं पावणेअकरा मिनिटांचं.

"सव्वा मिनिट कमी पडतंय," ती म्हणाली. "दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या दोन वाक्यांच्या मधे कोऱ्या फितीचे तुकडे जोडायचे. वेळ वाढेल, आवाज आहे तसाच राहील. दुसरा, फीतच थोडी सावकाश फिरवायची. पण मग आवाज एक सूर खाली येईल."

"खाली येईल म्हणजे?"

"भरदार होईल. जाड."

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. वसंतरावांचा आवाज बारीक होता. चांगला पाच फूट अकरा इंच माणूस, मिशा भरघोस, आणि आवाज चिरका, नाकातून येणारा. अध्यक्ष असल्यानं मंडळात कुणी ब्र काढत नसे. पण अनसूयाबाई एकदा बोलता बोलता गिरिजाला सांगून गेल्या होत्या की ट्रंक कॉल लावला की टेलिफोनवाला त्यांना म्हणतो, "हाँ बहनजी, नंबर बोलिए." त्या दिवशी ते जेवत नाहीत.

गिरिजानं दोन्ही तऱ्हांचा एकेक तुकडा करून त्यांना ऐकवला. पहिला त्यांनी अर्धवट ऐकला. दुसरा तीनदा लावायला सांगितला. तिसऱ्या वेळी डोळे मिटून, मान किंचित डोलवत ऐकला.

"हा," ते म्हणाले. "हाच माझा खरा आवाज आहे जी. पहिल्या टेपमध्ये काहीतरी बिघाड असणार."

"असणार," गिरिजा म्हणाली.

ते दारापर्यंत गेले आणि परत आले. इकडं तिकडं पाहिलं. कपाटाआड चपराशी आहे का ते बघितलं. "अजून थोडा खाली येईल का हो? थोडाच. अर्धा सूर म्हणा." आणि मग हलक्या आवाजात, "पण लोकांना कळता कामा नये."

त्या क्षणी गिरिजाला सगळं सुचलं. नऊ वर्षांपूर्वी ज्यानं तिला सप्तकभर खाली ढकललं, तोच आज नाक मुठीत धरून म्हणत होता, मला खाली ने. आणि हळू बोलत होता, लाजत होता. तिला हसू आलं नाही. तिला फार बरं वाटलं.

"येईल की," ती म्हणाली. "कुणाला शंका आली तर माझं नाव बदला."

आपण काय बोलून गेलो ते तिच्याच मग लक्षात आलं. त्यांच्या काही आलं नाही.

तिनं चार दिवस काम केलं. असं काम तिनं कॉलेजसाठी कधी केलं नव्हतं. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. एकावर वसंतराव बोलणार, दुसरा ते टिपून घेणार. फीत ओढणारी जी बारीक लोखंडी दांडी असते, तिच्यावर दुसऱ्या यंत्रात तिनं चिकटपट्टीचे वेढे दिले. दांडी जाड झाली की फीत भरभर ओढली जाते. आणि भरभर ओढून टिपलेला आवाज नेहमीच्या वेगानं वाजवला की खाली येतो. सात वेढ्यांना एक सूर. अकरा वेढ्यांना दीड सूर. वेढा कणभर तिरका बसला तर आवाज लहरतो, म्हणून तिनं अकराही वेढे तीनदा उकलून पुन्हा दिले. घरून पेटी आणली. पेटीचा एक सूर टेप करायचा, वाजवायचा, दीड सूर खालची पट्टी दाबून जुळतो का पाहायचं. "चढलाय," ती स्वतःशीच म्हणायची. "अजून चढलाय. हां."

पण नुसता सूर उतरवून भागत नाही. आवाजाबरोबर बोलणंही सावकाश होतं. माणूस पेंगतोय असं वाटतं. तिचा भूप पेंगला होता तसा. वसंतरावांना तिनं पेंगू दिलं नाही. आता पावणेतेरा मिनिटं झालेल्या फितीतून तिनं त्यांचे श्वास काढले, घुटमळणं काढलं, "म्हणजे"च्या आधीचं "अं" काढलं. ब्लेडनं तिरका काप, तुकडा बाहेर, जोड पक्का. एकशे चाळीस जोड. बरोबर बारा मिनिटांवर फीत आली आणि वसंतराव धाबेकर झरझर, ठसठशीत, घनगंभीर बोलू लागले. वेग त्यांचाच, ढंग त्यांचाच, फक्त छाती दुप्पट.

शशिकांतनं ऐकलं. म्हणाला, "अगं, किती सुरेख! चांगलं केलंस तू. झालं गेलं गंगेला मिळालं, नाही का?"

गिरिजानं फीत डब्यात घातली आणि झाकण लावलं.

मग तिनं शेवटचं काम केलं. मंडळाचा चिटणीस गजानन लिमये कार्यक्रमपत्रिका छापायला निघाला होता. तिनं ती मागून घेतली. "आभार कोण मानणार?"

"मीच. दरवर्षीसारखं."

"काय हे गजाननराव! न्यायाधीश येताहेत पुण्याहून, आणि आभार चिटणीस मानणार? अध्यक्षांनीच मानायला हवेत. फिल्म झाल्या झाल्या."

गजाननला ते फार पटलं. आणि वसंतरावांना? त्यांना भाषण करायला मिळालं की ते कधी नाही म्हणालेत?

रविवारी दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहाचे पडदे ओढले. गिरिजा मागं प्रोजेक्टरपाशी उभी होती. एका हाताखाली प्रोजेक्टर, दुसऱ्या हाताखाली टेप. दोन्ही एका क्षणी सुरू झाली. पडद्यावर कानोत्याचा माळ आला आणि अंधारातून आवाज आला.

"बंधू-भगिनींनो..."

असा आवाज! कर्नलसाहेब खुर्चीत सरळ बसले. न्यायाधीशांनी शेजारच्याला विचारलं, कोण हे? अध्यक्ष, असं कळल्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. बारा मिनिटं एकही खुर्ची वाजली नाही. लिंबू-चमच्याच्या शर्यतीला पल्लेदार वाक्यं, हळदीकुंकवाला मंद खर्ज. पहिल्या रांगेत वसंतराव बसले होते आणि दर वाक्यागणिक त्यांची पाठ ताठ होत होती. तीनशे माणसं एकदम टाळ्या वाजवायला लागली तेव्हा फिल्मची शेवटची पट्टी अजून फिरत होती.

पडदे उघडले. न्यायाधीश स्वतः माइकपाशी आले. "मी आयुष्यभर वकिलांचे आवाज ऐकले," ते म्हणाले, "पण असा भारदस्त आवाज क्वचित. हे गृहस्थ इंजिनियर कसे झाले?"

पुन्हा टाळ्या. आणि गजानननं घोषणा केली, "आता अध्यक्ष आभार मानतील."

वसंतराव उठले. अजून ते त्या टेपमध्येच होते. तसेच रुबाबात पायऱ्या चढले, माइक हातात घेतला, छाती भरून श्वास घेतला.

"सन्माननीय पाहुणे..."

चिरकं, बारीक, नाकातून. तीनशे माणसांनी एकदम मान वर केली. वसंतरावांनाही ऐकू आलं. पहिल्यांदाच इतकं स्पष्ट आलं असावं. त्यांनी घसा खाकरला, आवाज खाली ढकलायचा प्रयत्न केला, तो फाटला. "आपण... वेळात वेळ काढून..."

पुढच्या रांगेत आक्काबाई बसल्या होत्या, पंच्याऐंशीच्या, ऐकायला कमी येणाऱ्या, आणि म्हणून मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांनी सुनेला विचारलं, "अगं, ही कोण बाई बोलतेय? मघाचा तो भारदस्त माणूस कुठं गेला?"

आधी एक खाकरल्यासारखा आवाज आला. मग कुणीतरी तोंडात रुमाल कोंबला. मग बांध फुटला. कर्नलसाहेब पुन्हा पहिले. न्यायाधीशांनी चष्मा पुसायला काढला आणि खांदे हलू लागले. वसंतराव बोलत राहिले, कारण थांबायचं कसं ते त्यांना कळेना. आणि जितकं बोलावं तितकं हसणं वाढत होतं. गिरिजा मागं उभी राहून हसली. मोकळेपणानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळे थांबले तरी ती थांबली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं घरी गोडाचा शिरा केला आणि दोनदा वाढून घेतला. वाईट वाटलं का? छे! लवमात्र नाही.

आठ दिवसांत 'वसंताबाई' हे नाव सगळीकडे झालं. ते तिनं ठेवलं नव्हतं. लोकांनीच ठेवलं, लोकांना अशा कामाला सांगावं लागत नाही. वसंतरावांनी अध्यक्षपद सोडलं, सतरंज्या गजाननकडे पोचत्या केल्या. ते कुणाशी बोलेनासे झाले, असं अनसूयाबाई डोळ्याला पदर लावून सांगत होत्या. टेलिफोन आला तर नोकराला घ्यायला लावतात.

महिन्याभरानं एका सकाळी गिरिजा बापू बाजारात किराणा दुकानात डाळ घेत होती. मागून तो आवाज आला.

"गिरिजाराव."

ती वळली. वसंतराव वाळले होते. मिशा खाली आल्या होत्या.

"एकच विचारायचं होतं," ते म्हणाले. "आभाराचं गजाननला तुम्ही सुचवलं ना?"

"हो."

"असं होईल, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं म्हणून तर सुचवलं."

त्यांनी मान हलवली. रागावलेही नाहीत. "पण का हो? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

गिरिजाला वाटलं, हा नाटक करतोय. "काय वाकडं केलं? गिरिजाराव कोणी केलं मला? छप्पन सालचा गणपती. माझी टेप. अर्ध्या वेगानं लावलीत तुम्ही. भर मंडपात."

वसंतराव खूप वेळ आठवत राहिले, प्रामाणिकपणे, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "मला नाही आठवत जी. खरंच नाही. गिरिजाराव तर... ते तर आम्ही सगळे प्रेमानं म्हणतो ना? आमची लेक विनया अजून म्हणते. मला वाटलं, तुम्हाला आवडतं."

तिच्या हातातली पिशवी खाली टेकली. नऊ वर्षं तिनं जे रोज उगाळलं, ते या माणसानं लक्षातसुद्धा ठेवलं नव्हतं. शिक्षा मिळाली त्याला, पण कशाची, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नाही! उद्या म्हातारा होईल, नातवंडांना सांगेल, एका बाईनं उगीच माझा घात केला. म्हणजे तिचं काहीच फिटलं नव्हतं.

"आठवत नाही? थांबा. आठवण करून देते."

आणि तिथंच, डाळीच्या पोत्यांमधे उभी राहून, गिरिजा गायला लागली.

पहिला सूर घोगरा आला. दुसरा फाटला. दुकानदाराचा तराजू हातातच राहिला. ती थांबली नाही. भूपाची तीच बंदिश, तोच मुखडा. तिसऱ्या आवर्तनाला गळा उघडला. रस्त्यावरचा सायकल-रिक्षावाला पाय टेकून उभा राहिला, समोरच्या दुकानातली लाखेच्या बांगड्यांची गिऱ्हाइकं पायरीवर आली. पहिली तान तिनं वसंतरावांच्या तोंडावर फेकली. खऱ्या वेगानं. दुसरी त्याहून लखलखीत.

वसंतराव ऐकत होते. दुसऱ्या तानेला त्यांचे ओठ हलले. "ही... ही माझ्या टेपवर होती." मग चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "ही मी लावली होती. मंडपात. आणि आपण सगळे हसलो होतो."

गिरिजानं समेवर येऊन श्वास घेतला. "सगळे नाही," ती म्हणाली. "मी नव्हते हसले."

त्यांनी मान खाली घातली. गर्दीत कुणीतरी "वाह, माताजी" म्हणालं. वसंतराव जायला वळले तेव्हा तिनं हात आडवा धरला.

"उभे राहा. अंतरा राहिलाय."

ते उभे राहिले. तिनं अंतरा पुरा म्हटला, मुखड्यावर आली, आणि मगच डाळीची पिशवी उचलली.